गावाचा आराखडा आणि गावकऱ्यांचे शिक्षण

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



अमृतमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने पूर्वजांचे गुणगान करावे व श्रोत्यांनी ते आनंदाने श्रवण करावे, असा शिष्टसंमत प्रघात आहे. आणि ज्यांनी आपल्या धर्मग्रामाचा पाया घातला त्यांचे स्मरण माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केलेच आहे. चिटणीस मंडळींनी मजकडे सोपविलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. आपल्या वसई भागातील गावांचा वीस वीस वर्षांचा आराखडा ज्या कचेऱ्यांतून तयार होतो, त्या कामात येथील रहिवाशाने भाग कसा घ्यावा, आणि तसा भाग घेता यावा म्हणून त्याने आधी काय शिकावे, हा तो विषय होय. परंतु ज्या विहिरीचे पाणी आपण पितो, ज्या वाटेने आपण आपले मृत दफनभूमीकडे नेतो, ज्या ओहोळाने पावसाचे पाणी खाडीस मिळते, त्या साऱ्यांचे पुढे काय व्हावयाचे ते त्याच कागदावर ठरत असते. म्हणून घटकाभर आपण मजकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

नहेम्याचे पुस्तक आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. यरुशलेमचा तट ढासळलेला, वेशी जळालेल्या. अशा स्थितीत राजाची परवानगी घेऊन नहेम्या तेथे आला. आल्याबरोबर त्याने सभा भरविली नाही. तीन दिवस तो स्वस्थ राहिला, आणि मग रात्रीच्या वेळी थोडी माणसे बरोबर घेऊन, तट कोठे पडला आहे व वाट कोठे बुजली आहे, हे त्याने फिरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतरच त्याने लोकांस बोलाविले. पुढील अध्यायात कोणी कोणता भाग बांधला याची लांबलचक यादी आहे. ती कंटाळवाणी समजून आपण पाने उलटतो. पण तिच्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, शल्लूम नावाचा अधिकारी व त्याच्या कन्या आहेत, आणि कित्येक जण आपापल्या घरासमोरचाच तट दुरुस्त करीत आहेत. तकोवाच्या सरदारांनी मात्र कामास खांदा दिला नाही, हेही लिहिणाऱ्याने नमूद करून ठेविले आहे! पाहणी आधी आणि सभा नंतर, हा जो नहेम्याचा क्रम, तो आपल्याकडे बहुधा उलटा असतो. आधी सभा, मग निषेधाचा ठराव, मग वर्तमानपत्रात छायाचित्र. आणि पाहणी करावयाची राहूनच जाते.

वसईच्या लोकांनी काही केले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईची वाढ जेव्हा आपल्या वाड्यांवर येऊन आदळली, विहिरींचे पाणी टँकरांत भरून इमारतींकडे जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ साली निवर्तले. पण येथील जुन्या मंडळींना ते आधी आठवतात ते मोर्चाच्या अग्रभागी. १९९० साली सिडको या संस्थेकडे या भागाच्या नियोजनाचे काम आले. तिने केलेल्या आराखड्यावर हरकतींचा पाऊस पडला, आणि २००१ ते २०२१ या काळासाठी म्हणून योजिलेला तो आराखडा अखेर ९ फेब्रुवारी २००७ रोजी मंजूर झाला, म्हणजे त्याच्या आयुष्याची सहा वर्षे मंजुरीपूर्वीच सरली होती. पुढे २००९ साली चार नगरपालिका व त्रेपन्न गावे यांची मिळून महानगरपालिका झाली, आणि गावे तीत असावीत की नसावीत यावरून पुनः मोठा झगडा माजला. त्या झगड्यात कोणाची बाजू खरी, हा आजचा प्रश्न नव्हे. गाव पालिकेत राहो की पंचायतीत राहो, आराखडा त्यास चुकत नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

त्या काळच्या लढ्याचे मोल मी कमी लेखीत नाही. मोर्चे निघाले नसते तर कचेरीचे दार उघडलेच नसते. परंतु दार उघडून आत गेल्यावर टेबलावर एक नकाशा पसरलेला असतो, आणि अधिकारी विचारतो, ‘आपली हरकत नेमकी कोणत्या जागेविषयी आहे?’ तेथे घोषणेचा उपयोग नसतो. ज्यांनी पुष्कळ वर्षे वकिली केली अशी, किंवा इंजिनियर झालेली, चार माणसे तेव्हा पुढे होत, व बाकीचे त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे राहत. ती चार माणसे गेली की गाव पुनः मुके. हे मुकेपण जावे कसे, हाच माझ्या बोलण्याचा गाभा आहे.

आता नकाशाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे आराखडा करण्यापूर्वी, जमिनीचा आज काय उपयोग चालू आहे, याची पाहणी करून तिचा नकाशा करावा लागतो. यास विद्यमान भूवापराचा नकाशा म्हणतात. पुढे काय व्हावे याचा नकाशा त्यावरूनच निघतो. लोकांचे सारे लक्ष दुसऱ्या नकाशाकडे असते, आणि माझ्या मते खरी मेख पहिल्यात आहे. आपली बावखले घ्या. वाडीच्या पोटात खणलेली गोड्या पाण्याची ही तळी म्हणजे वसईचे पिढीजात धन. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते, आसपासच्या विहिरींस गोडवा देते, आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकू देत नाही. रहाट गेले, पंप आले, तरी बावखलाचे हे काम थांबले नाही. पण कित्येक बावखले खाजगी किंवा अनेक घरांच्या सामाईक मालकीची असून वाडीच्या सर्व्हे नंबरातच मोडतात. नकाशाचे प्रमाण चार हजारास एक असेल, तर नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. वीस मीटर रुंदीचे बावखल तेथे अर्धा सेंटिमीटर दिसेल. प्रमाण दहा हजारास एक झाले की तेच बावखल दोन मिलिमीटरांचा ठिपका होते, आणि पाहणी करणाऱ्याचा हात किंचित हलला की तो ठिपकाही राहत नाही. पहिल्या नकाशात जे पाणी नाही, ते दुसऱ्या नकाशात कोठून येणार? तेथे पिवळा रंग भरला जातो, म्हणजे वस्तीची जागा. आणि मग एके दिवशी मातीचे डंपर येतात तेव्हा आपण आश्चर्य करतो. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा भागात पाणी तुंबून आगगाड्या थांबल्या, मिठागरांतील माणसे अडकून पडली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एकट्या बावखलांच्या बुजण्याने ते झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पाण्याने जावे कोठे आणि थांबावे कोठे, या दोन्ही जागा बुजत गेल्या, हे नाकारता यावयाचे नाही.

अशी चूक मुंबईसारख्या धनाढ्य पालिकेकडूनही होते. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विकास आराखड्याचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात इतक्या उणिवा निघाल्या की एप्रिलमध्येच राज्य सरकारने तो दुरुस्त करून नव्याने आणावयास सांगितले. गावठाणे व कोळीवाडे नीट दाखविले नाहीत, ही त्यावेळची एक मुख्य तक्रार होती, आणि ती करणाऱ्यांत आपले ईस्ट इंडियन धर्मबंधू होते. सुधारलेला मसुदा २०१६ साली आला व २०१८ साली मंजूर झाला. त्या लोकांनी केवळ ‘अन्याय झाला’ असे म्हटले नाही. आपले गावठाण कोठून कोठपर्यंत आहे हे दाखविण्याची तयारी त्यांना करावी लागली.

मसुदा प्रसिद्ध झाल्यावर राजपत्रात व वर्तमानपत्रांत नोटीस येते, आणि हरकती व सूचना देण्याची मुदत तीत दिलेली असते. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. महानगरपालिका असेल तर या समितीत स्थायी समितीचे तीन सभासद व बाहेरून नेमलेले, चारांहून अधिक नव्हेत इतके, जाणकार असतात. हरकत घेणाऱ्यास तेथे बोलावितात. आता एक छापील कागद, खाली पाचशे सह्या, मजकूर एवढाच की ‘सदर आराखडा आम्हांस मान्य नाही’. अशा पाचशे कागदांचे उत्तर कचेरी एका ओळीत देते. उलट एखादी गृहिणी जर लिहील की, ‘अमुक गावच्या अमुक सर्व्हे नंबरात बारमाही पाणी असलेले बावखल आहे, त्याच्या काठी चार घरांच्या विहिरी आहेत, नकाशात ती जागा रहिवासी पट्ट्यात दाखविली आहे, ती जलाशय म्हणून दाखवावी, सोबत सातबारा, शेतवार गावनकाशाची नक्कल आणि वैशाख महिन्यात काढलेले छायाचित्र जोडले आहे’, तर त्या कागदास उत्तर देताना अधिकाऱ्यास नकाशा उघडावा लागतो. एवढाच फरक, पण सारे काही त्यात आहे. वैशाखातले छायाचित्र का, हे वाडीवाल्यांस सांगावयास नको. पावसाळ्यात खड्ड्यातही पाणी दिसते.

नव्या आराखड्याची वेळ आली म्हणजेच नोटीस निघते, असेही नाही. मंजूर आराखड्यात मधूनमधून फेरबदल होतात, त्यांचीही नोटीस निघते, आणि ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात अशा बारीक अक्षरांत असते की चष्मेवाल्यांचा धंदा चालावा म्हणूनच ती छापली असावी, असे वाटते! शिवाय खेळाच्या मैदानासाठी किंवा दवाखान्यासाठी एखादी जागा राखून ठेविली म्हणजे ती कायमची आपली झाली, ही समजूतही खरी नव्हे. मंजुरीपासून दहा वर्षांत ती ताब्यात घेतली गेली नाही, तर जमीनमालकास खरेदीची नोटीस देता येते, आणि त्यानंतर ठरलेल्या काळात हालचाल झाली नाही तर आरक्षण उडते. म्हणून आपल्या गावातील कोणत्या आरक्षणाची दहा वर्षे केव्हा भरतात, याची वही कोणी तरी ठेवावयास हवी. ती नगरसेवकाने ठेवावी अशी अपेक्षा असते. पण नगरसेवक बदलतात.

हे सर्व शिकावे कसे? या बाबतीत कॅनडा देशातील एका लहान गावाची हकीकत आपणांस उपयोगी पडेल. नोव्हा स्कोशिया प्रांतात अँटिगोनिश येथे सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठ आहे. त्या किनाऱ्यावरचे कोळी व शेतकरी, त्यांतील पुष्कळसे कॅथॉलिक, कर्जाने गांजलेले होते. फादर जिमी टॉम्पकिन्स यांनी विद्यापीठानेच लोकांकडे गेले पाहिजे असा आग्रह धरला, आणि १९२८ साली विद्यापीठाने लोकशिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढून त्यावर फादर मोझेस कोडी यांस नेमले. त्यांची रीत अशी. प्रथम गावात मोठी सभा. पण सभेचा हेतू भाषण नव्हे, तर लहान लहान अभ्यासमंडळे जुळविणे. दहा-बारा शेजारी आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जमत, विद्यापीठाने पाठविलेली पुस्तिका वाचीत, आणि ‘आपल्या मासळीस एवढा कमी भाव का मिळतो’ अशा घरच्या प्रश्नावर हिशेब मांडीत. पुढारी बाहेरून येत नसे, मंडळातूनच निघे. मग काही मंडळे एकत्र येऊन आपला हिशेब एकमेकांस सांगत. यातूनच पतपेढ्या निघाल्या, मासळीचे सहकारी कारखाने निघाले. फादर कोडी यांचा भर असा की, अभ्यास अशा गोष्टीचा करावा की तिच्या शेवटी काही तरी हाती करावयाचे असेल. नुसती माहिती साठविण्यास त्यांची मंडळे नव्हती.

परदेशचे उदाहरण दिले म्हणून कोणी नाक मुरडू नये. अँटिगोनिशच्या दहा वर्षे आधी, १९१८ साली, मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी येथे वसईत कॅथॉलिक पतसंस्थेचा पाया घातला, आणि तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक होय. सावकाराच्या वहीपलीकडे हिशेब न पाहिलेला शेतकरी पासबुक वाचू लागला, भाग म्हणजे काय, जामीन म्हणजे काय, वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न कसा विचारावा, हे शिकला. जो समाज ताळेबंद वाचावयास शिकला, त्यास नकाशा वाचणे जड नाही. केरळात तर हे अलीकडेच घडले आहे. कण्णूर जिल्ह्यातील कल्याशेरी पंचायतीत केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांकडूनच गावाच्या साधनसंपत्तीचे नकाशे करविले. आणि १९९६ साली जेव्हा त्या राज्याने आपल्या योजनाखर्चाचा पस्तीस ते चाळीस टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे ठरविले, तेव्हा ग्रामसभेत बोलावयास लोकांस तयार करण्यासाठी हजारो शिक्षक, पेन्शनर व तरुण यांस आधी प्रशिक्षण देण्यात आले. त्या मोहिमेत दोष राहिले नाहीत असे नाही. परंतु अधिकार देण्याबरोबर शिक्षण दिले पाहिजे, हे तिने ओळखले होते.

आपल्याकडे अधिकार थोडाफार आहे, शिक्षणाची मात्र वाण आहे. पंचायतीच्या गावात ग्रामसभा आहे, तिच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. पालिकेत गेलेल्या गावाची ग्रामसभा जाते; तिच्या जागी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण ती भरल्याचे क्वचितच ऐकिवात येते. माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे. दहा रुपये भरून, मराठीत अर्ज करून, नकाशाची व निर्णयाची नक्कल मागता येते.

स्त्रियांविषयी दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. कोणती विहीर मार्चमध्ये खारते, कोणत्या कोपऱ्यावर रात्री दिवा नाही, शाळेतून येणारे मूल कोठे रस्ता ओलांडते, हे घरातील कर्त्या पुरुषापेक्षा त्याच्या बायकोस अधिक ठाऊक असते. तरीही सभेत ती मागच्या बाकावर बसते आणि बोलण्याची वेळ येते तेव्हा ‘हे सांगतील’ म्हणून नवऱ्याकडे बोट दाखविते. लहान मंडळात, ओळखीच्या घरी, हा संकोच राहत नाही. माझ्या मते अभ्यासमंडळाचा हा सर्वांत मोठा लाभ आहे. तसेच ‘स्थानिक’ हा शब्द आपण जरा सैल हाताने वापरावा. वाडीचा मालक स्थानिक, तसा त्या वाडीत पिढ्यान् पिढ्या राबणारा आदिवासीही स्थानिकच. मिठागराचा मजूर, आणि तीस वर्षांमागे कोकणातून वा केरळातून येऊन चौथ्या मजल्यावर राहिलेले कुटुंबही आता येथलेच. त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यात जे पाणी शिरते, ते आपल्याच बुजलेल्या ओहोळाचे असते. त्यांस वगळून काढलेला नकाशा अर्धाच राहील. हे बोलणे काही श्रोत्यांस रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

चर्चने या भानगडीत का पडावे, असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकिला आहे. त्यास परमगुरू अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या विश्वपत्रात उत्तर देऊन ठेविले आहे: जे काम लहान समाजास स्वतः करता येते, ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. परमगुरू फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या आपल्या परिपत्रकात, पर्यावरणावर परिणाम करणाऱ्या योजनांच्या विचारविनिमयात तेथील रहिवाशांस खास स्थान असावे, असे सांगितले आहे. पण या तत्त्वाची दुसरी धार आपल्याकडेही वळते. जे काम गावकऱ्यांचे, ते धर्मगुरूंनीही त्यांच्या हातून घेऊ नये. फादरांनी हरकत लिहावी व आपण सही ठोकावी, ही सोय आता पुरे झाली. चर्चने सभागृह द्यावे, दिवा व बाके द्यावीत, आणि मत कोणास द्यावे याविषयी मौन पाळावे. आराखड्यावर दोन शेजाऱ्यांचे मत भिन्न असेल. एकास आपली वाडी विकावयाची असेल, दुसऱ्यास राखावयाची असेल. दोघेही रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. अशा वेळी मंडळात दोघांनीही बसावे व नकाशावर जे आहे ते तरी दोघांनी सारखे वाचावे, एवढे मागणे गैर नाही. वाडी विकणाऱ्यास शिव्या देणे सोपे आहे. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च केळीच्या घडांवर भागतो की नाही, हा हिशेबही त्याच मंडळात मांडला पाहिजे.

तूर्त योजिले आहे ते असे. प्रत्येक आळीत एक मंडळ, दहा-बारा जणांचे, त्यांत निम्म्या स्त्रिया. पहिले चार आठवडे नकाशाला हात लावावयाचा नाही; आपापल्या आळीत फिरून विहिरी, बावखले, ओहोळ, पायवाटा, क्रूस व मोठी झाडे यांची यादी वहीत करावयाची, आणि ज्यांची नावे केवळ वृद्धांस ठाऊक आहेत ती त्यांच्याकडून विचारून लिहावयाची. हे काम आधी व्हावे, कारण नाव सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. नंतर शेतवार गावनकाशा घेऊन ती यादी त्यावर बसवावयाची, आणि मग मंजूर आराखड्याचा नकाशा शेजारी मांडून कोठे जुळत नाही ते लाल पेन्सिलीने खुणावावयाचे. शाळेतील भूगोलाच्या शिक्षकांनी प्रमाण व रंगांची सूची समजावून देण्याचे मान्य केले आहे. सातबारा वाचावयास एक निवृत्त तलाठी येणार आहेत.

पहिली बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर याच सभागृहात आहे. येताना वही, पेन्सिल आणि शक्य असेल त्याने आपल्या जागेचा उतारा आणावा. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची आजी वा आजोबा चालू शकत असतील, त्यांनी त्यांना हात धरून घेऊन यावे. त्यांच्यासाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेविल्या आहेत.